पडद्याच्या आतला माणूस

मोठीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका ट्रक ड्रायव्हरला टामीनं हाणत होती. टामी म्हणजे टायर उघडायचा लोखंडी दांडा, आणि तो त्याच्याच गाडीतला होता. भर दुपार होती. राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि बाकीचे ड्रायव्हर टपरीवर चहा पीत हा तमाशा बघत होते. एक घाव खांद्यावर बसला. दुसरा त्यानं हातावर झेलला, आणि हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्याच्या पलीकडे ऐकू आला. तो लुंगी सावरत, आईबहिणीवरून शिव्या देत पळाला. ती त्याच्या मागं गेली नाही. टामी त्याच्या गाडीच्या काचेवर भिरकावली, काच फुटली, आणि टपरीवाल्याला म्हणाली, "चहा दे."

माझा नोकरीतला तो पहिलाच आठवडा. एका संस्थेनं मला त्या रस्त्यामागच्या वस्तीत पाठवलं होतं. धंदा करणाऱ्या बायांना निरोध वाटायचे, ते वापरा म्हणून सांगायचं आणि अधूनमधून रक्त तपासायला दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम. मी पुसदकडची, कापूस आणि तूर पिकवणाऱ्या घरातली, लग्न होऊन वणीला आलेली. निरोध हा शब्द मोठ्यानं उच्चारायलाच मला किती दिवस लागले.

"त्यानं काय केलं?" मी लांबूनच विचारलं.

"निरोध नाई लावत म्हणे. म्या म्हटलं, निरोध नाई त बाई नाई. त माहाच हात पिरगाळाले लागला." तिनं बशीत चहा ओतला. "तू थ्या संस्थेची का वं? बस."

मी बसले आणि मनात म्हटलं, हिला आपण काय शिकवणार!

वस्तीतल्या सगळ्या जणी तिला मोठी म्हणत, तिच्याहून वयानं मोठ्या असलेल्याही. एका पोरीनं गुपचूप बिननिरोधाचं गिऱ्हाईक घेतलं तर मोठीनं तिला झिंज्या धरून नळापर्यंत फरफटत नेलं होतं आणि सगळ्यांसमोर थोबाडलं होतं. हे संस्थेच्या पद्धतीत बसत नव्हतं, पण खरं सांगते, त्याचा उपयोग आमच्या चित्रांच्या तक्त्यांपेक्षा जास्त होत होता. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की लोकांना माहिती नसते म्हणून ते धोका पत्करतात. साफ खोटं! ड्रायव्हरांना सगळी माहिती होती. एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, "उद्या डंपरखाली मराचं हाय, मंग आज कायले भेवाचं?" दुसरा म्हणायचा, मला तोंड बघून कळतं कोण साफ आहे ते. तिसऱ्याचं म्हणणं, निरोध लावला की आपण भ्यालो असं बाईला वाटतं, आणि तो शुद्धीत असताना काय, दारूत काय, कोणाला भीत नव्हता. माहिती सगळ्यांच्या डोक्यात होती. तिचा हातापायांशी संबंध नव्हता.

मोठीची खोली टिनाची. मधोमध दोरीवर जाडसर साडी टाकून पडदा केलेला. पडद्याच्या बाहेर लोखंडी खाट, ती गिऱ्हाईकाची. पडद्याच्या आत चूल, देव, तिची गादी आणि खुंटीला तिच्या माणसाचा शर्ट. वस्तीत ज्या बाईला स्वतःचा माणूस होता तिच्या घरी असा पडदा असायचाच. हा कायदा कोणी केला ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण पोलिसांच्या कायद्यापेक्षा तो कडक होता. गिऱ्हाईकानं पडद्याच्या आत पाय टाकला की त्याला मार. आणि निरोध हा गिऱ्हाईकाचा, म्हणून तोही बाहेरच. बाहेरच्या खाटेवर कितीही जण येऊन गेले तरी त्या कायद्यानं बाई आपल्या माणसाशी इमानदार राहायची. निरोध आत आला म्हणजे मात्र बाहेरचा कोणीतरी आत येऊन गेला, असा त्याचा अर्थ.

हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. एकदा मी निरोधाचा डबा हातात घेऊन बोलत बोलत पडद्याच्या आत गेले, तर मोठीनं तो हिसकावला आणि बाहेर खाटेवर फेकला.

"इकडं नाई आनाचं थे."

"का?"

"कायले आनाचं? इकडं काय धंदा चालते का?"

तिचा माणूस कोळशाच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. तिच्या गळ्यातली काळी पोत त्यानं बांधलेली. त्याचं लग्नाचं घर गावाकडं होतं आणि चंद्रपूरच्या रस्त्यावर एका धाब्यामागं त्याची आणखी एक बाई होती. हे मोठीला ठाऊक होतं, वस्तीला ठाऊक होतं, मलाही महिनाभरात कळलं. तो आला की मोठी न्हाऊन घ्यायची, बाहेरचं दार लावून घ्यायची आणि त्या दिवशी धंदा बंद. त्याच्यासाठी मटण रांधायची. तो जेवायचा, प्यायचा, आणि फार प्याला की पट्टा काढायचा.

हे मला कळलं ते ऑटोत. मी तिला तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात घेऊन चालले होते. गचका बसला, पदर सरकला आणि ब्लाउजच्या वरची पाठ दिसली. काळेनिळे वळ, आणि एका ठिकाणी पट्ट्याच्या बक्कलनं कातडं निघालेलं.

"कोणी मारलं?"

"दुसरा कोन मारन? माह्या मानसानं."

माझं डोकंच फिरलं. "त्या ड्रायव्हरचा हात मोडला तू! अन् याच्यासमोर गप बसतेस?"

"गिऱ्हाईकानं हात लावला त तोडीन म्या त्याचा हात," ती शांतपणे म्हणाली. "हा आपला हाय. आपला हाय म्हून मारते. गिऱ्हाईकाले काय पडली माही?"

मी लहानपणी माझ्या काकाला काकूच्या अंगावर बैलाचा कासरा ओढताना पाहिलं आहे. काकूसुद्धा दुसऱ्या दिवशी विहिरीवर हेच म्हणायची, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हाही मला तिचा राग यायचा, काकाचा यायला हवा त्याहून जास्त. मोठीचा तसाच राग आला.

रक्त दिलं, आम्ही बाकावर बसलो. आतल्या बाईंनी बोलावून सांगितलं की काही निघालेलं नाही, तेव्हा मोठीनं टेबलावर अशी थाप मारली की त्यांचा पेन खाली पडला. "साफ!" ती बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. परत जाताना तिनं जिलेबी घेतली आणि घरोघर वाटली. त्या रस्त्यावर तिची उमेदीची वर्षं गेली होती, तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणी खंगून गेलेल्या तिनं पाहिल्या होत्या, आणि ती साफ होती. दुसऱ्या कशाचा नाही, पण या एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. ती साफ राहावी, एवढंच मलाही त्या दिवसापासून पाहिजे होतं. तिच्या बाबतीत मी नोकरी म्हणून वागत नव्हते, तिच्यात जीव गुंतला होता माझा.

मग पावसाळ्यानंतर कधीतरी बातमी आली की चंद्रपूरच्या रस्त्यावरची ती दुसरी बाई अंथरुणाला खिळली आहे. बातमी आणणाऱ्या ड्रायव्हरानं कोणाला न विचारता आजाराचं नावही सांगून टाकलं. रस्त्यावर कोणाचं काही झाकून राहत नाही.

मी धावतच मोठीकडे गेले. ती भाजी चिरत होती.

"ऐकलं ना? आता त्याच्यासोबतही निरोध पाहिजे. त्याला तपासायला आण."

"त्याले काई नाई झालं. चांगला तगडा हाय."

"तोंड बघून कळतं का? तूच पोरींना सांगतेस ना, तोंड पाहून कळत नाही म्हणून?"

"पोरीइले गिऱ्हाईकाचं सांगतो मी." तिनं विळा खाली ठेवला. "अन् तू? तू लावतं का घरी?"

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मी म्हटलं, "माझा नवरा तसा नाही." माझा नवराही खाणीच्याच गाडीवर असायचा, रात्रीच्या रात्री बाहेर. नोकरी लागल्यावर एका दुपारी, तो जेवायला बसला असताना, मी जरा धीर करून विचारलं होतं. त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. वरण माझ्या केसांत, भात देवाच्या फोटोवर. "मले रंडीबाज समजतं का? का तूच कुठं काई करून आली?" एवढंच बोलला आणि हात न धुता निघून गेला. मी भिंत पुसली. सासू म्हणाली, असली नोकरी करतेस तर असलंच सुचणार. निरोध मागणं म्हणजे एक तर त्याच्यावर आळ, नाही तर स्वतःवर. तिसरा अर्थ आमच्या घरातही कोणाला माहीत नव्हता. मी पुन्हा विचारलं नाही. म्हणून मोठीच्या प्रश्नावर मी चिडले आणि तिला वाटेल ते बोलले. तीही बोलली. आम्ही दोघी रस्त्यावर ऐकू जाईल अशा भांडलो.

त्यानंतर काही दिवसांनी ती एकटीच जाऊन त्या बाईला बघून आली. परत आली ती सरळ मोरीवर गेली, आणि वाटेत आडवं आलेलं कुत्रं तिनं असं लाथाडलं की ते केकाटत गटारात पडलं. चेहरा, हात खसाखसा धुतले. मग माझ्यासमोर ओला हात पसरला.

"दे."

"किती?"

"एकच दे. उशीखाली ठेवतो. थो आला का चांगल्या बोलीनं सांगन त्याले."

मी पाकीट दिलं. ती पडद्याच्या आत गेली आणि मी तिला उशी उचलताना पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःसाठी बांगड्या घेतल्या.

तो दोन दिवसांनी दुपारीच आला. मी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला एका बाळंतिणीकडे बसले होते. आधी भांडी पडल्याचा आवाज आला. मग बायांची पळापळ. मी पोचले तेव्हा दार उघडं होतं, बाहेरची खाट उलटी पडली होती आणि पडद्याच्या आत तो मोठीच्या डोक्यावरचे केस मुठीत धरून तिचं तोंड चुलीच्या दगडावर आपटत होता. दुसऱ्या हातात ते पाकीट होतं. ते तिच्या तोंडात कोंबत तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "कोनाले आत घेतलं? सांग, कोनाले आत घेतलं?"

तिनं काहीच सांगितलं नव्हतं अजून, हे मला नंतर कळलं. ती पाणी आणायला उठली आणि त्यानं लवंडायला उशी झटकली, एवढंच झालं होतं. पाकीट पाहून त्याच्या मनात आजार आला नाही, रोग आला नाही. पडद्याच्या आत गिऱ्हाईक आलं, एवढंच त्याला दिसलं. आमच्या घरी त्या पाकिटाचे निदान दोन अर्थ निघत होते, इथं एकच.

आणि मोठी? चार ड्रायव्हरांना पुरून उरणारी मोठी हात उचलत नव्हती. तिचे दोन्ही हात जमिनीवर टेकलेले होते, घर सारवताना असतात तसे. तोंडातून रक्त येत होतं आणि ती म्हणत होती, "कोनालेच नाई. देवाशपथ कोनालेच नाई."

मी ओरडले. माझ्या आधी पोरी आत घुसल्या. जिला मोठीनं नळापर्यंत फरफटत नेलं होतं तीच पुढं होती, तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या मानेवर ठेवलं. कातडं जळल्याचा वास आला. कोणी चपलेनं, कोणी लाटण्यानं, एकीनं त्याच्या दंडाला चावा घेऊन मांस सोडलं नाही. मीही मारलं. पाण्याचा तांब्या हाताला लागला तो मी त्याच्या डोक्यात घातला, दोनदा, आणि दुसऱ्या वेळेला मला बरं वाटलं. तो खाली पडला तेव्हा आम्ही थांबणार नव्हतो. त्या दिवशी तिथं त्याचा मुडदा पडला असता. तो वाचला कारण मोठी सरपटत आली आणि त्याच्या अंगावर आडवी झाली.

"नोका मारू वं! नोका मारू त्याले! माहा मानूस हाय थो!"

एक चपलेचा घाव तिच्यावरच बसला. मग सगळ्या थांबल्या.

मोठीचा जबडा मोडला होता आणि मनगटही. दवाखान्यात आलेल्या पोलिसानं मला विचारलं, "घरगुती हाय का धंद्याचं?" मी म्हटलं, त्यानं काय फरक पडतो? तो म्हणाला, पडतो. मोठीनं बांधलेल्या तोंडातून सांगितलं की ती पडली. पोलीस खूश होऊन निघून गेला. मला तिला दवाखान्याच्या खाटेवरच बदडावंसं वाटलं.

संस्थेच्या बैठकीत साहेब म्हणाले की त्या माणसाला आधी समुपदेशनाला बोलवायला हवं होतं, मी घाई केली. मी टेबल उलथवलं नाही एवढंच. मी आजही म्हणते, घाई केली नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी तिला तेच पाकीट देईन, फक्त तिला ते त्याच्या हातात द्यायला लावीन.

मोठी घरी आली आणि तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे प्लास्टर घातलेल्या हातानं दोरीवरचा पडदा ओढून काढला. चिंध्या करून चुलीत घातला. खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडी पडली.

तो आला, मानेला पट्टी, हातात मटणाची पिशवी. आम्ही सगळ्या दारांत उभ्या होतो, एकीच्या हातात विळा होता. त्यानं आत बघितलं. पडदा कुठं असायचा तिकडं त्याची नजर गेली आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

"हे काय?"

"आता आत काई नाई," मोठी म्हणाली. जबडा तारेनं बांधलेला, शब्द दातांतून गाळून येत होते. "सगळंच बाह्यर हाय. याचं असन त निरोध लावून ये. बाकीच्याइले जे, थेच तुले."

"म्हंजे मी गिऱ्हाईक?"

तिनं त्याच्या मानेवरच्या पट्टीकडे पाहिलं. मला वाटलं, मोडेल.

"हाव," ती म्हणाली.

त्याचा हात वर गेला. विळावाली पुढं सरकली, पण मोठीनं तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि यावेळी स्वतः उठली. बऱ्या हातानं तिनं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की मटणाची पिशवी मातीत पडली. त्यानं उलटून मारलं नाही. गिऱ्हाईकासारखाच मार खाल्ला, खुंटीवरचा शर्ट मागितला, तो घेतला आणि गाडीत जाऊन बसला. त्या रस्त्यानं त्याची गाडी नंतर जायची, पण थांबायची नाही.

रोग लागला असला तरी रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून काही महिने थांबून आम्ही पुन्हा रुग्णालयात गेलो. ते सगळे महिने मी नीट झोपले नाही. नवरा विचारायचा, काय झालं? मी काही नाही म्हणायचे. रिपोर्ट आला, आतल्या बाई हसल्या, आणि मी मोठीच्या आधीच रडायला लागले. साफ. काही निघालेलं नव्हतं. मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली. जिलेबीच्या दुकानासमोर मी ऑटो थांबवला, तर म्हणाली, "चाल."

खोलीत आल्यावर मी अजून बडबडतच होते. बघ म्हटलं होतं ना, वाचलीस, आता काही भीती नाही, असं काहीबाही. तिनं मला दिली ती कानशिलातच बसली. मी भिंतीवर आदळले. पाकीट दिलं त्या दिवशी घेतलेल्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या.

"साफ, साफ, साफ!" ती किंचाळली. जबडा नीट जुळला नव्हता, शब्द वाकडे येत होते. "साफ हाव मी. मंग? आता तापानं फणफणली त कोन बसन माह्यापाशी? मेली त कोन उचलन? सांग नं वं! कोनासाठी साफ हाव मी?"

मलाही संताप आला होता. मारायला माझाही हात उठला होता. पण तोंडातून निघालं ते, "मी बसेन. मी उचलीन."

तिचा राग एकदम उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, एखाद्या लहान पोरीकडे पाहावं तसं, आणि माझ्या मनगटातले काचेचे तुकडे काढायला खाली बसली.

"तू नोकरीवर येतं वं बाई," ती हळूच म्हणाली. "पाच वाजले का घरी जातं."

बाहेर गाड्या थांबत होत्या. कोणीतरी दारावर थाप मारली आणि मोठी खाटेवरची चादर नीट करायला उठली.